थोरलीची लेव्हल

१

थोरली दात बनवायची. शहरातल्या दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे यायचे, त्यांवर ती मेणाचा दात घडवायची, मेणावरून पोर्सलीनचा व्हायचा, तो भट्टीत भाजून निघायचा, आणि मग कोणीतरी अनोळखी माणूस पुढची पंधरा-वीस वर्षं त्या दाताने चावत बसायचा. एकोणीस वर्षं तिने हेच केलं होतं. रस्त्यात ओळखीचं कोणी हसलं तर तिला आधी दात आठवायचे, मग माणूस.

संध्याकाळी सव्वासहाला घरी, चहा, आईशी दहा मिनिटं भांडण, आणि सातच्या ठोक्याला कॉम्प्युटर. सात ते नऊ घराला आग लागली तरी नऊनंतर सांग, असं तिने आईला बजावून ठेवलं होतं. आई म्हणायची, "आग तोवर थांबते का, विचारते हं तिला."

तो एक ऑनलाइन खेळ होता. हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच जंगलात हिंडायची. कोणी धनुर्धर, कोणी वैद्य, कोणी चेटकीण. थोरली भालेवाली होती. श्वापदं मारली, मोहिमा पार पाडल्या की लेव्हल वाढायची, आणि लेव्हल वाढली की अंगात बळ यायचं, नव्या खुब्या हाती लागायच्या. थोरलीची लेव्हल ऐंशी होती. त्याच्या वर काही नव्हतंच. तिथे पोचायला सहा वर्षं लागली होती. दलदलीतल्या एका रानडुकराने पहिल्या वर्षी तिला तीन महिने रोज लोळवलं होतं. ते मेलं त्या दिवशी ती खुर्चीवरून उठली आणि दोन्ही हात वर करून खोलीत एकटीच दोन फेऱ्या मारून आली. एवढ्या मोठ्या बाईने असं करावं का? पण झाला आनंद, त्याला कोण काय करणार.

लग्न केलं नव्हतं. नोकरीत बढती वगैरे भानगड नव्हती. बोट ठेवून "हे माझं, हे मी कमावलं" म्हणायला तिच्याकडे तीनच गोष्टी होत्या. हातातलं कसब, ही ऐंशी, आणि वडील गेले ती दुपार. त्या दुपारी आई अंघोळीला घरी गेली होती, बारकी परगावी होती, आणि दवाखान्यात वडिलांपाशी थोरली एकटी बसली होती. जाताना ते तिच्याशी एक वाक्य बोलले. ते वाक्य तिने कोणाला सांगितलं नव्हतं. आईने विचारून विचारून शेवटी नाद सोडला होता.

मग बारकी परत आली.

बारकी म्हणजे धाकटी बहीण, आठ वर्षांनी लहान. दूरच्या शहरातली कंपनी बंद पडली म्हणून दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली. आईला हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी राहिला. शेंडेफळ ते शेंडेफळच. एकतिसाव्या वर्षीही आई तिला हातात पाण्याचा पेला नेऊन देत होती, आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

२

त्याच आठवड्यात खेळात एक बदल आला.

आतापर्यंत नवख्याला जुन्याबरोबर हिंडता यायचं नाही. लेव्हल एकच्या माणसाने दलदलीत पाऊल टाकलं की डुकराने त्याला उडवलंच. आता खेळ चालवणाऱ्यांनी ठरवलं की जोडीने खेळणाऱ्यांत ज्याची लेव्हल कमी, त्याला आपोआप वरच्याच्या बरोबरीला उचलायचं. नावापुढे आकडा त्याचा स्वतःचाच, म्हणजे एक, राहील, पण बळ, नेम, खुब्या, सगळं ऐंशीचं.

थोरलीच्या टोळीत बोंबाबोंब झाली. टोळी म्हणजे वीसेक माणसं, रोज संध्याकाळी हेडफोन लावून बोलत बोलत एकत्र खेळणारी. म्होरक्याला सगळे वकील म्हणत, कारण तो वकील होता.

"मग आम्ही सहा वर्षं काय गवत उपटत होतो?" थोरली म्हणाली.

"अहो ताई, नवीन माणसं टिकत नाहीत म्हणून केलंय त्यांनी," वकील म्हणाला. "आणि आपलं काय गेलं? ऐंशीची ऐंशी आहे ना जागेवर?"

"जागेवर आहे. पण आता ती काय कोणालाही मिळते."

"मुद्दा नोंदवून घेतला," वकील म्हणाला, आणि सगळे हसले. थोरली हसली नाही.

बारकी मागे दाराला टेकून ऐकत होती. "ताई, मला पण शिकव ना गं."

"वेळ लागतो याला."

"मग आहे की मला वेळ. दुसरं काय आहे?"

"घे गं तिला," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "दिवसभर भिंतींकडे बघत बसते बिचारी."

टोळीचा एक रिवाज होता. आपलं माणूस आणलं तर आणणाऱ्याने त्याला छत्रीखाली घ्यायचं. पूर्वी याचा अर्थ एवढाच, की चार हत्यारं द्यायची आणि पाठीशी उभं राहायचं. नव्या बदलानंतर त्याचा अर्थ वाढला. जोडी एकदा जुळवली की नवख्याची स्वतःची लेव्हल ऐंशी होईपर्यंत मोडायची नाही. आपण कॉम्प्युटर बंद करून कामाला गेलो तरी छत्री उघडीच ठेवायची, म्हणजे त्याला दिवसभर एकट्याने हिंडता येतं. खेळात तशी सोय होती. छत्री मध्येच मिटणारा माणूस टोळीत हलका समजला जायचा, आणि थोरलीला हलकं व्हायचं नव्हतं.

बारकीने आपल्या खोलीतल्या जुन्या लॅपटॉपवर खेळ उघडला. तिनेही भालेवालीच निवडली. थोरलीने जोडी जुळवली आणि दोघी दलदलीत उतरल्या. रानडुक्कर आलं. बारकीने डावीकडे सरकून, एक क्षण थांबून, त्याच्या मानेखाली भाला घातला. ते आडवं झालं.

"एवढंच?" भिंतीपलीकडून बारकीचा आवाज आला.

थोरलीने हेडफोन काढून ठेवला आणि पाणी प्यायला गेली. तीन महिने. डावीकडे सरकून एक क्षण थांबायचं असतं, हे कळायला तिला तीन महिने लागले होते, आणि ते तिने कोणाला शिकवलं नव्हतं.

खेळ आहे, ती स्वतःला म्हणाली. खेळच तिला सरकवतो, खेळच थांबवतो. त्यात काय एवढं. तरी पोटात दुखायचं ते दुखतच राहिलं.

३

पाचव्या दिवशी थोरली चष्मा घरी विसरली, आणि तो द्यायला बारकी लॅबवर आली.

लॅब म्हणजे तीन खोल्या. पहिलीत मालकांचं टेबल आणि डबेच डबे, दुसरीत मेणकाम, तिसरीत प्लास्टर. प्लास्टरमधले बुडबुडे काढायला एक थरथरणारी मशीन होती, ती दिवसभर घुरघुरायची. थोरली भट्टीपाशी होती. चष्मा घेऊन आलेली बारकी तिच्या स्टुलावर बसली. समोर अर्धवट दाढ होती. बारकीने सुरी ज्योतीवर धरली, टोकावर मेणाचा थेंब घेतला, दाढेच्या एका कोपऱ्यावर सोडला आणि सुरी दोनदा फिरवून खळगा कोरला.

थोरली वळली तेव्हा मालक बारकीच्या मागे उभे होते.

"हिला कधी शिकवलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही शिकवलं."

"मग उपजतच दिसतंय. रक्तातच असतं एकेकाच्या." मालकांनी दाढ उचलून उजेडात धरली. "तुझ्याइतकं स्वच्छ आहे. तुझंच वाटेल."

थोरलीला दाढेचं काही वाटलं नाही. म्हणजे वाटलं, अंगाचा तिळपापड झाला. पण तिची नजर दुसरीकडेच होती. बारकीने सुरी धरली होती ती अनामिका बाजूला, ताठ ठेवून. थोरलीची अनामिका दुसऱ्याच वर्षी त्या ज्योतीवर भाजली होती. तेव्हापासून ते बोट वाकत नव्हतं, म्हणून ती सुरी तशी धरायची. बारकीच्या बोटाला काही झालेलं नव्हतं.

"बोट असं का धरलंयस?" थोरलीने विचारलं.

बारकीने बोटाकडे पाहिलं. ते दुसऱ्या कोणाचं असावं तसं पाहिलं. "असंच धरतात ना?" ती म्हणाली.

घरी जाताना थोरलीने स्वतःची समजूत घातली. लहानपणापासून आपल्याकडे बघत आली आहे ती. बहिणी बहिणींची चालण्या-बोलण्याची ढब उचलतातच. पण लॅबमध्ये बारकीने त्या दिवशी पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं, हेही ती विसरू शकत नव्हती.

पुढच्या आठवड्यापासून बारकीला लॅबमध्ये अर्ध्या दिवसाचं काम मिळालं. आईने ही बातमी शेजारी तीन घरांत सांगितली. थोरलीला नोकरी लागली होती तेव्हा आईला ताप होता.

४

थोरली हिशेबी डोक्याची बाई. उगाच भलतंसलतं मनात आणणाऱ्यांतली नव्हती. तिने ठरवलं की एकदा खात्री करून घ्यायची.

दुपारच्या सुट्टीत, बारकी घरी गेली की, ती प्लास्टरच्या खोलीचं दार आतून लावायची. मशीन घुरघुरत ठेवायची, म्हणजे बाहेर आवाज नको. मग प्लास्टरचे मुठीएवढे तीन गोळे घेऊन एकामागून एक हवेत उडवायची आणि झेलायची. जत्रेतले लोक करतात तसं. एकोणचाळीस वर्षांत तिने हे कधी केलं नव्हतं आणि करायचं काही कारणही नव्हतं, म्हणून तर निवडलं. पहिल्या दिवशी दोनदा झेललं आणि गोळा पायावर पडला. नवव्या दिवशी अकरा. बाराव्या दिवशी, श्वास रोखून, एकवीस. त्यापुढे काही केल्या जाईना. तिने कपाळावरची पांढरी भुकटी पुसली, गोळे फोडून कचऱ्यात टाकले. कोणाला ताकास तूर लागू दिली नाही.

संध्याकाळी घरी आली तर स्वयंपाकघरातून टाळ्यांचा आवाज येत होता.

बारकी ओट्यापाशी उभी होती. हवेत तीन बटाटे. आई मोजत होती. "अठरा, एकोणीस, वीस, एकवीस..." बटाटा जमिनीवर आपटला आणि टेबलाखाली गेला.

"बघ गं बघ," आई थोरलीला म्हणाली, "कसली हुशार आहे! आत्ता उभी राहिली आणि लागली करायला. कुठे शिकली कोण जाणे."

"पुन्हा कर," थोरली म्हणाली.

बारकीने केलं. एकवीसला बटाटा पडला.

"बावीस करून दाखव."

बारकीने चार वेळा केलं. चारही वेळा एकवीसलाच. चौथ्यांदा ती हसली नाही. "नाही गं होत," ती म्हणाली. "एकवीसला हात थांबतो. पुढचं नाहीच आहे."

थोरलीला भीती वाटायला हवी होती. थोडी वाटलीही, मानेवर गार काहीतरी टेकल्यासारखं झालं. पण त्याआधी तिला काय वाटलं ते सांगायलाच हवं: आई तिच्यासाठी कधी टाळ्या वाजवत उभी राहिली नव्हती. बारा दिवस पायावर गोळे पाडून घेतले होते तिने, आणि टाळ्या बारकीला.

५

मग ती बघतच राहिली. बारकीला चष्मा लागला, आणि नंबर थोरलीचाच निघाला, दोन्ही डोळ्यांचा. डॉक्टर म्हणाले, बहिणी आहात, असतं असं. बारकीच्या उजव्या कानावर, थोरलीला होते तिथेच, पांढरे केस आले. आई म्हणाली, काळजीने आले गं. बारकी पुढे कधीच जायची नाही. बरोबरीला आली की थांबायची. दारात दोघींच्या चपला शेजारी असायच्या आणि दोन्ही जोड्या टाचेला आतल्या बाजूने झिजलेल्या. थोरली पाय तसा टाकायची. चपला थोरलीने हातात घेऊन पाहिल्या. बारकीची जोडी दहा दिवसांपूर्वी घेतली होती.

आणि एका रविवारी सकाळी आई वडिलांचा विषय घेऊन बसली. तिघी भाजी निवडत होत्या.

"शेवटी त्यांना फार त्रास झाला नसेल ना," आई म्हणाली. हे ती नेहमी म्हणायची.

"नाही झाला," बारकी म्हणाली. मान खाली, हात चालूच. "खिडकीतून ऊन येत होतं ना, तेवढा त्रास होत होता. मी पडदा ओढला, तर तो मध्येच अडकला. मग मी उशी फिरवून दिली, गार बाजू वर केली. तेव्हा हसले ते. मग चारला पाच कमी होते, तेव्हा..."

थोरलीच्या हातातली सुरी थांबली. "तू नव्हतीस तिथे," ती म्हणाली.

"असं काय करतेस? होते की."

"तू परगावी होतीस! तुला फोन मी केला. तू गाडीत रडत होतीस ते मी ऐकलं."

बारकी गोंधळली. खरोखर गोंधळली, सोंग नव्हतं ते. "हो, गाडीत पण होते," ती हळू म्हणाली. "आणि तिथे पण होते."

"अगं, असेल," आई म्हणाली. "मी घरी आले होते, मला काय ठाऊक. दोघी असाल."

"दोघी नव्हतो!"

आईने तिच्याकडे असं पाहिलं, की आता या वयात यावरून भांडणार का तुम्ही. ती भाजीची पाटी उचलून आत गेली.

थोरली पुढे झुकली. "मग काय म्हणाले ते? सांग. काय म्हणाले?"

बारकीने तिच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. शब्दन् शब्द. मध्ये वडिलांना दम लागला होता तोसुद्धा, तिथेच.

थोरलीने पाहिलं: बारकीची अनामिका टेबलावर ताठ पडली होती, आणि तिच्या पेरावरची कातडी भाजून बरी झाल्यावर चकाकते तशी चकाकत होती.

६

"छत्री मिटली तर?" संध्याकाळी तिने वकिलाला एकट्याला गाठून विचारलं.

"मिटायची नाही, ताई. रिवाज तुम्हाला माहीत आहे."

"समजा मिटली."

"तर पुढचं मिळायचं बंद. जे मिळालंय ते राहतं तिचंच. का हो, भांडलात की काय दोघी?"

"जे मिळालंय ते परत कसं घ्यायचं?"

"परत घ्यायचं काही कलम नाही," तो म्हणाला. "एकच ऐकलंय, तेही ऐकीव. जोडी चालू असताना वरच्याने स्वतःलाच खेळातून पुसलं, तर खालच्याला उचलायला कोणी उरत नाही, तोही खाली बसतो म्हणे. पण असं कोण करेल? सहा वर्षं आहेत तुमची. पुसलं की पुसलं, परत आणायला अपील नाही त्याला."

"बरं."

"ताई, मी गंमत केली हो."

"कळलं मला."

तिने हेडफोन काढला. पडद्यावर तिची भालेवाली उभी होती, श्वास घेतल्यासारखी खांदे हलवत. पलीकडच्या खोलीतून बारकीच्या बटणांची टकटक येत होती. थोरलीने कीबोर्डवर हात ठेवला तर तिची स्वतःची टकटक तशीच, त्याच चालीत आली. तिने हात उचलला. पलीकडची टकटक थांबली.

खेळातलं खेळात, तिने स्वतःला पुन्हा एकदा समजावून पाहिलं. भालेवाली पुसल्याने दवाखान्यातल्या त्या दुपारचं काय होणार? काही नाही होणार. पण मग भालेवाली जोडीला लावल्याने तरी काय व्हायला हवं होतं?

यातून मलाही तोटा होईल, हे तिला कळत होतं. अगदी स्वच्छ कळत होतं. आणि त्यावर तिचं उत्तर तयार होतं, ते तिने मोठ्याने म्हटलंही, रिकाम्या खोलीत: "मला नसलं तरी चालेल. पण तिला नको."

पुसायचं बटण दाबल्यावर खेळाने दोनदा विचारलं, नक्की का. तिने दोन्ही वेळा हो म्हटलं. भालेवाली पायाकडून वर निघत गेली. पाय, कंबर, खांदे. पडदा काळा झाला आणि त्यात थोरलीला स्वतःचा चेहरा दिसला. तो तिला जरा गुळगुळीत वाटला.

"ताई!" पलीकडून बारकी ओरडली. आवाजात आनंद मावत नव्हता. "अगं ये ना इकडे! माझी झाली! दुपारीच झाली, तुला सांगायचं राहिलं. माझी स्वतःची ऐंशी!"

बारकीच्या पडद्यावर नावापुढे आकडा होता, आणि तो एक नव्हता. महिनाभर ऐंशीच्या बळाने हिंडत, थोरली कामावर असताना दुपार दुपार मोठमोठी श्वापदं मारत, ती स्वतःच्या पायावर उभी राहिली होती. आता तिला उचलून धरायला कोणी लागत नव्हतं, आणि पाडायलाही कोणी उरलं नव्हतं.

थोरली दारात उभी राहिली. अभिनंदन म्हणावं असं तिच्या मनात होतं. ती कशासाठी आली होती, ते तिला आठवेना.

७

सोमवारी मालकांनी तिला विचारलं, "बरं वाटत नाही का?" ती स्टुलावर बसून होती. समोर एक लहानशी सुरी होती, एक ज्योत होती, आणि पिवळसर काहीतरी होतं, मेण असावं. ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली. ज्योत छान दिसत होती. तिने बोट जवळ नेलं तर बारकीने झटकन तिचा हात मागे ओढला.

"भाजेल," बारकी म्हणाली. "माझं भाजलंय एकदा."

मग थोरलीला तिसऱ्या खोलीत प्लास्टर कालवायला बसवलं. ते तिला जमत होतं. मशीनच्या घुरघुरीने तिला झोप यायची. काचेतून बारकी दिसायची, पाठमोरी, अनामिका बाजूला धरून काम करणारी. किती सफाई आहे हिच्या हातात, थोरलीला वाटायचं. एवढं कसब यायला काय करावं लागत असेल? माझ्या वाट्याला का नाही आलं यातलं काहीच? तिला बारकीचा हेवा वाटायचा. अगदी ओळखीचा होता तो हेवा, जुना, घरचा असल्यासारखा. सगळं बदललं तरी तेवढा जागच्या जागी होता.

एका संध्याकाळी तिघी बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. आईने वडिलांचा विषय काढला, आणि बारकी ती दुपार सांगत होती. ऊन, पडदा, उशी. थोरली गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होती. पहिल्यांदाच ऐकत होती ती हे. तिला एवढंच आठवत होतं की ती कुठल्याशा गाडीत होती, खिडकीशी, आणि खूप रडत होती.

"मला का नाही नेलं?" ती म्हणाली. "मला पण यायचं होतं त्यांच्याजवळ."

आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. "लहान होतीस गं तू," आई म्हणाली. "तुला कुठे नेणार तिथे."

"आणि काय म्हणाले ते शेवटी?" थोरलीने बारकीला विचारलं. "सांग ना. एकदाच."

बारकीने तिच्याकडे पाहिलं. एक क्षणभर, फार थोडा, बारकीच्या तोंडावर काहीतरी आलं. दुसऱ्याच्या घरात राहून राहून आपलंच वाटायला लागावं, आणि अचानक दारात कोणीतरी किल्ली घेऊन उभं राहावं, तसं काहीतरी. मग तिने चष्मा वर सारला.

"ते नाही सांगायचं," ती म्हणाली. "ते फक्त माझं आहे."

"सांगत नाहीच ती," आई म्हणाली. "मलासुद्धा नाही सांगितलं कधी."

थोरलीचे ओठ हलले. आतून काहीतरी वर येत होतं, एक दम, त्यामागे एक शब्द. तो जिभेपर्यंत आला आणि तिथेच राहिला. तिने पुन्हा तोंड उघडलं, पण आता तिथे काहीच नव्हतं.

तिला रडू फुटलं. बारकीला सगळं मिळालं होतं, हात मिळाला होता, वडील मिळाले होते, आणि आपल्याला या जन्मात कधी काही मिळालंच नाही, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. आई तिला थोपटत राहिली. बारकी उठून आत गेली आणि तिने आपल्या खोलीचं दार हळूच लावून घेतलं.